सासूबाईंच्या तोंडून नऊ आवाज

लग्न होऊन कुडवा गावच्या घरी आले तेव्हा त्या घरात नसलेल्या दोनच गोष्टी मी सोबत आणल्या होत्या. मला इंग्रजी वाचता येत होतं आणि गप्प बसता येत नव्हतं. इंग्रजीमुळे सासरी माझं कौतुक व्हायचं. औषधाची बाटली, विजेचं बिल, मिक्सरच्या खोक्यावरचा मजकूर, सगळं माझ्यापुढे यायचं आणि मी जरा घसा साफ करून ते मराठीत सांगायचे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. त्याच इंग्रजीनं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मला खड्ड्यात घातलं.

सासऱ्यांची गाण्याची पार्टी होती. जयंतीला विहारासमोर आणि एरवी लग्नात, नामकरणात त्यांचा कार्यक्रम असे. एक गाणारे काका, एक ढोलकवाले, ऑक्टोपॅडवर माझा नवरा आणि सिंथेसायझरवर स्वतः सासरे. घरी त्या सिंथला सगळे पेटीच म्हणत. जुन्या साडीच्या खोळीत ती बैठकीतल्या टेबलावर असायची आणि सासऱ्यांशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. सासरे राइस मिलमध्ये मुकादम, नवऱ्याचं बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत घरात सासूबाई, मी आणि ती पेटी. माहेरी आमगावला शाळेत असताना चार वर्षं प्रार्थनेला हार्मोनियम मीच वाजवत होते. मला ती पेटी वाजवायची होती. आडवळणानं कशाला सांगू, त्या घरात मला सगळ्यात जास्त तीच हवी होती, नवऱ्याचा नंबर त्यानंतर.

त्या पेटीची एक खासियत होती. सासऱ्यांच्या आधी पार्टीत दुसरे एक वाजवणारे होते. त्यांनी महिनोन् महिने खपून नऊ आवाज स्वतः घडवले होते आणि पेटीच्या आठवणीत साठवून ठेवले होते. कंपनीनं भरलेली सनई आपल्या मांडवात परकी वाटते, म्हणून तिला जरा आपल्याकडची केलेली सनई, तशीच बासरी, तसेच आणखी सात. मग ते नोकरीसाठी रायपूरला गेले आणि सासरे पेटीवर बसले. कोणत्या बटणात कोणता आवाज हे पडद्यावर इंग्रजीत दिसे, ते सासऱ्यांना वाचता येईना. त्यांनी सासूबाईंच्या पाकिटांतून नऊ रंगांच्या टिकल्या घेतल्या आणि नऊ बटणांवर लावल्या. लाल म्हणजे सनई, हिरवी म्हणजे बासरी. गेली कित्येक वर्षं पार्टी त्या टिकल्यांवर चालली होती.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जयंतीच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी घराची साफसफाई निघाली. मी खोळ धुवायला टाकली, पेटी ओल्या फडक्यानं पुसली आणि कुण्या पाहुण्याच्या लेकरानं तिच्यावर चिकटवलेल्या टिकल्या नखानं खरवडून काढल्या. एकेक करत नऊच्या नऊ. डिंकाचा डाग राहू नये म्हणून वरून रॉकेलचा बोळाही फिरवला. चांगलं काम केलं की ते कोणीतरी पाहावं असं मला वाटतं, म्हणून सासूबाईंना हाक मारली.

"टिकल्या कोठी गेल्या व?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या टिकल्या?" मी म्हटलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की काम चांगलं झालेलं नाही.

त्यांनी टिकल्यांची हकीकत सांगितली. मी म्हटलं, त्यात काय, पडद्यावर नावं असतील, मी वाचते, आपण नव्या टिकल्या लावू. पेटी सुरू केली. नावं शोधत मी एका यादीत शिरले, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी पेटी काहीतरी विचारायची आणि मी उत्तर द्यायचे. कोणी इंग्रजीत प्रश्न विचारला की मला फार बरं वाटतं. शेवटी तिनं विचारलं, तुमची खात्री आहे का? माझी जन्मात कधी खात्री नसलेली मला आठवत नाही. मी 'येस' दाबलं. पडदा जरा वेळ विचारात पडला आणि मग शांत झाला. मी पहिलं बटण दाबून पट्टीवर बोट ठेवलं. पियानो. दुसरं दाबलं. तोही पियानोच, जरा जाडा. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी पेटी झाली होती आणि पार्टीचे नऊ आवाज गेले होते.

"सप्पा गेला?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं गेलं, आई."

त्या खाली बसल्या. डोक्याला हात लावला. मी रडायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अन रॉकेल बी लावला," एवढंच त्या मधूनमधून म्हणत होत्या. मग मलाही हसू फुटलं. हसता हसता मी रडलेही, पण ते दोन्ही एकातच झालं, वेगळं असं काढता आलं नाही.

मंगळवारी दोरा आणायचा म्हणून मी बाजारात गेले आणि नवऱ्याच्या दुकानाला वळसा घालून वाद्यांच्या दुकानात शिरले. तिथल्या भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "फ्लॉपी में रखा था क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्लॉपी म्हणजे काय. "फिर तो गया समझो," ते म्हणाले. "अब नया बनाना पड़ेगा. साथ में किताब आती है, उसमें सब लिखा रहता है. कोई पढ़ता नहीं." ती कोणी वाचत नाही हे ऐकून माझ्या अंगात बळ आलं. घरी येऊन पाहिलं तर पेटीच्या खोक्याच्या तळाशी ते पुस्तक अजून प्लास्टिकमध्येच होतं.

दुपारभर मी ते वाचलं. अर्धं कळलं, अर्ध्याला कळल्यासारखं केलं. प्रत्येक आवाज घडवता येतो. तो किती लवकर यावा, बोट उचलल्यावर किती रेंगाळावा, किती थरथरावा, किती उजळ किंवा दबका असावा, हे सगळं आकड्यांनी बदलता येतं. हवं तसं झालं की 'राइट' म्हणजे 'लिही' नावाचं बटण दाबायचं, मग तो आवाज साठतो. पण घडवायचं काय? ते आवाज मी जेमतेम तीन-चार तालमींत ऐकले होते, तेही चहाचे कप गोळा करताना. लाल टिकलीची सनई कशी होती हे मला सांगता आलं नसतं.

"अशी होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, ओठ एका बाजूला ओढले आणि तोंडानं सनई वाजवली. सुरुवातीची ती जराशी घसरण, मधला नाकातला सूर, शेवटचा हेलकावा, सगळं होतं त्यात. यांना हे कसं येतं असं मी विचारलं नाही. रविवारी तालीम होती, तेवढा वेळ नव्हता.

बुधवारपासून आमचं काम सुरू झालं. दहा वाजता माणसं बाहेर पडली की बैठकीचं दार लोटायचं, मी पेटीसमोर आणि सासूबाई निवडायच्या तांदळानं भरलेलं सूप घेऊन बाजूला. त्या तोंडानं आवाज काढत, मी आकडे फिरवत राही, मग पट्टी दाबून दाखवी. पहिली सनई बदक निघाली. दुसरी लुनाचा हॉर्न. तिसरी ऐकून सासूबाई म्हणाल्या, "हे तं तुह्या मामेसासऱ्याचा घोरना आहे," आणि सूप बाजूला ठेवून त्या भिंतीला टेकून हसायला लागल्या. मग थोड्या गंभीर झाल्या.

"हा लय लवकर येते," त्या म्हणाल्या. "थो असा धावत नोहता येत. दारात जरासा थांबे, मंग आत ये."

पुस्तकात याला अटॅक म्हणतात. मी तो आकडा वाढवला.

"आता फाकते. झाकन ठेव थोडासा."

हे मला आधी कळेना. मग त्यांनी हातानं गंजावर, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यावर, झाकण ठेवायची खूण केली आणि डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकातली चार पानं मी ज्या फिल्टरवर डोकं फोडत होते, तो म्हणजे झाकण. उघडलं की आवाज उजळतो, ठेवलं की दबतो. त्या दिवसापासून आमच्यात इंग्रजी बंद झालं. झाकण अर्धं, झाकण पाव, जास्त हलवू नको, बोट काढल्यावर लगेच घरी नको जाऊ देऊ. सासूबाई पेटीकडे बघतसुद्धा नव्हत्या. तांदळातले खडे काढत काढत त्या सांगत होत्या आणि मी करत होते. दीड वाजता सनई सापडली. अगदी तीच, असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघी उठून एकमेकींचे हात धरून बैठकीत गोल फिरलो आणि तेवढ्यात लोडशेडिंग झालं.

साडेतीनला वीज आली तेव्हा पेटीत पुन्हा जाडा पियानो होता. मी 'राइट' दाबलं नव्हतं. वीज मंडळाला सासूबाईंनी त्या दिवशी जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. त्यानंतर आम्ही नियम केला की आधी राइट, मग नाचायचं.

गुरुवारी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी खिडकीतून काय ऐकलं असेल याची मला कल्पना आहे. सासूबाईंचं "प्यँऽऽ प्यँऽ" आणि माझं "आणखी एकदा, आई, नाकातून." काकूंनी मला दाराशी बोलावून हळूच विचारलं, "कधीपासून व असा?" मी म्हटलं, बुधवारपासून. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी वाटीभर दही पाठवलं, डोकं थंड राहावं म्हणून. ते आम्ही दोघींनी साखर घालून खाल्लं.

हात बसला तसे आवाज भराभर निघाले. हिरवी बासरी निघाली, तिच्यात फुंकरीचा आवाज मिसळावा लागला. पिवळीचं एकतारीसारखं काहीतरी. माणसांचा घोळका 'हो' म्हणतो तसा एक होता, त्याच्यासाठी सासूबाई एकट्या दहा माणसांचं तोंड करत होत्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आठ आवाज झाले, आठ टिकल्या लागल्या. मला इतका आनंद झाला होता की भाजीत मी दोनदा मीठ घातलं आणि नवऱ्यानं बिचाऱ्यानं काही न बोलता खाल्लं.

निळी टिकली राहिली. निळी म्हणजे वंदनेचा आवाज. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळे उभं राहून वंदना म्हणतात, तेव्हा मागे एकच सूर भरून राहायचा तो. सासूबाईंनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"थो नाई येत," त्या म्हणाल्या.

"का बरं?"

"थो लागला का हात जोडल्या जातात. मंग कोन ध्यान देते?"

आणि मी तर तो ऐकलाच नव्हता, कारण पार्टीचा एक कडक नियम होता. वंदनेची तालीम करायची नाही. गाणी हजारदा घोटा, पण वंदना एकदाच म्हणायची, खरी. त्यामुळे त्या बटणाला घरात कोणी हातच लावत नसे. शनिवारचा सगळा दिवस आम्ही त्या एका आवाजात घालवला. सासूबाई आठवून आठवून एवढंच म्हणाल्या की आधण ठेवल्यावर पाणी उकळायच्या आधी जसं बोलतं, तसं काहीतरी. मी खरंच गंजभर पाणी गॅसवर ठेवून कान लावून बसले. मग एकाच सुराचे दोन आवाज घेतले, त्यातला एक केसभर उतरवला, म्हणजे दोन्ही एकमेकांना घासून गुणगुणायला लागले. झाकण जवळजवळ बंद ठेवलं आणि ते सावकाश उघडेल असं केलं. पट्टी दाबली आणि सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. हात तांदूळ निवडत होते.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या.

चांगला आहे म्हणायला तोंड पुरतं. मला हात हवे होते. दिवसभर मी बदल करत राहिले आणि हातांकडे पाहत राहिले आणि हात खडे वेचत राहिले. पाच वाजता, त्यातल्या त्यात बरा वाटला तो साठवून मी निळी टिकली लावली.

रविवारी तिसऱ्या प्रहरी अंगणात तालीम बसली. सासऱ्यांनी लाल टिकली दाबली, सनईची एक ओळ वाजवली आणि थांबले. हिरवी दाबली, वाजवली, थांबले. मग एकामागून एक आठही दाबून पाहिल्या. नवरा ऑक्टोपॅडचा एक स्क्रू फार बारकाईनं तपासत होता.

"हा काम कोनाचा आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

मी दारात उभी होते. गप्प बसता येत नाही हे सांगितलंच आहे. टिकल्या, रॉकेल, 'येस', वाद्यांचं दुकान, पुस्तक, सगळं एका श्वासात सांगून टाकलं. आता आपल्याला आमगावच्या गाडीत बसवून देतात असं मला खरंच वाटलं.

"लाल तं जुन्याहून बरी आहे," ते शांतपणे म्हणाले. "जुनी वरच्या सा ले मरे. पन तू तं हे आवाज धड आयकले बी नाई. तुले सांगतला कोनं?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"तुले का समजते त्यातला?" सासऱ्यांनी विचारलं. हिणवून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सासूबाईंनी ओठ एका बाजूला ओढले आणि लाल टिकली वाजवली. मग हिरवी. मग पिवळी. भर अंगणात, सगळ्या पार्टीसमोर, बटणांच्या क्रमानं. घोळक्याचा 'हो' आला तेव्हा ढोलकवाल्यांनी ढोलकावर डोकं टेकवलं आणि ते हसत सुटले. गाणारे काका हसत होते, नवरा हसत होता, मी तर पदर तोंडात कोंबला होता. फक्त सासरे हसत नव्हते. ते बायकोकडे असं पाहत होते की मला मध्येच लाजल्यासारखं झालं.

"तू आयकत होती?" त्यांनी विचारलं.

"मंग? कान खुंटीले टांगून सैपाक करू का?"

सासऱ्यांनी गाणाऱ्या काकांना खुर्चीवरून उठवलं. अंगणातली एकुलती एक खुर्ची होती ती. "इथी बस," ते सासूबाईंना म्हणाले. सासूबाई पिठाचे हात अधांतरी धरून पार्टीच्या समोर बसल्या आणि तालीम नव्यानं सुरू झाली. प्रत्येक गाणं संपलं की सासरे त्यांच्याकडे बघत. त्या मान हलवत किंवा नाक मुरडत, आणि नाक मुरडलं की गाणं पुन्हा. मला बटणं दाबायचं काम मिळालं. मला पट्ट्या हव्या होत्या आणि मिळाली बटणं, म्हणून मला राग आला. तो एक तांब्या पाणी पिईपर्यंत टिकला.

"अन निळी?" शेवटी सासऱ्यांनी विचारलं.

"थे त्या दिवशीच समजन," सासूबाई म्हणाल्या.

सासरे माझ्याकडे वळले. "वंदना बिगडली, तं मंग पेटीले हात नाई लावाचा, बाई," ते म्हणाले. आवाज जराही न चढवता. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. मी फक्त मान हलवली आणि पेटीवर खोळ घातली.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोरचं मैदान भरलं होतं. सगळीकडे पांढरी लुगडी, पांढरे सदरे, उन्हाची तलखी अजून जमिनीतून वर येत होती. मी पांढरी साडी नेसून सासऱ्यांच्या डाव्या हाताला उभी होते. सासूबाई बायकांच्या तिसऱ्या रांगेत, शेजारच्या काकूंना सरकायला सांगत होत्या. माइकवरून सूचना आली. सगळे उठून उभे राहिले.

वंदनेला सासरेही हात जोडत, म्हणून तो सूर धरून ठेवायला ते दरवर्षी दोन पट्ट्यांच्या फटीत आगपेटीची काडी खोचत असत. या वेळीही त्यांनी खिशातून काडी काढली. पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि काडी परत खिशात ठेवली.

"तूच धर," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

मी निळी टिकली दाबली आणि खालच्या सा वर बोट ठेवलं. आधी काही ऐकूच येईना. मला वाटलं, संपलं. मग कुठूनतरी खालून ती गुणगुण सुरू झाली, सावकाश भरत गेली, झाकण उघडत गेलं, आणि भोंग्यांमधून ती सगळ्या मैदानावर पसरली. वंदना सुरू झाली. एवढ्या माणसांत हात न जोडलेली मी एकटी होते. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सासूबाई अजून काकूंशी काहीतरी बोलत होत्या, बोलता बोलता थांबल्या. त्यांचे हात वर आले आणि जुळले. डोळे मिटले.

मग एक डोळा उघडला. त्यांनी त्या एका डोळ्यानं मला शोधलं, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि तो पुन्हा मिटून घेतला. माझं हसू गळ्यापर्यंत आलं होतं, ओठ दातांखाली धरून मी ते तिथंच थांबवलं, आणि वंदना संपेपर्यंत बोट सा वरून हलू दिलं नाही.